हायकूसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायचाय? आधी मोजपट्टी बनवा, मग ड्रायव्हर

सुरुवातीलाच माझा मूर्खपणा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमवर एका जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी मी दोन वीकेंड घालवून चौकोन भरायचं हार्डवेअर अॅक्सेलरेशन लिहिलं, म्हणजे सीपीयूने एकेक पिक्सेल न रंगवता कार्डालाच सांगायचं की बाबा एवढा चौकोन निळा कर. चाललं पण मस्त. मग विंडोत चौकोन काढून टायमिंग घेतलं तर आधी जेवढं होतं तेवढंच. काहीच फरक नाही. कारण हायकूचा अॅप सर्व्हर (सगळ्या विंडो स्क्रीनवर आणणारा प्रोग्रॅम) विंडोतलं सगळं चित्र साध्या रॅममध्ये सीपीयूनेच रंगवतो आणि बदललेला भाग तेवढा स्क्रीनच्या मेमरीत कॉपी करतो, माझा चौकोनवाला हुक, म्हणजे ड्रायव्हरने देऊ केलेलं ते फंक्शन, कोणी बोलवतच नव्हतं. आधी मोजलं असतं तर पंधरा मिनिटात कळलं असतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवलाय, पहिलं बेंचमार्कचं टूल आणि मग ड्रायव्हर.

ज्यांना हायकू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीची बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती, २००१ साली पामने ती १.१ कोटी डॉलरला घेतली आणि बीओएस संपली. त्याच वर्षी लोकांनी ती शून्यापासून पुन्हा लिहायला घेतली, आधी नाव ओपनबीओएस, २००४ पासून हायकू. पहिला अल्फा २००९ ला आला, पहिला बीटा २०१८ ला, आणि पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ ला. या तारखा बघूनच अंदाज येईल की इथे कामाला हात किती कमी आहेत. कार्ड बनवणारी कंपनी तुमच्यासाठी ड्रायव्हर देणार नाही, आणि तुमचा ड्रायव्हर हळू आहे की फास्ट हे सांगायलाही फारसं कोणी नाही, ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं.

तयारी

लिनक्सवर बसून हायकू क्रॉस-कंपाइल करणं सगळ्यात सोपं. दोन रिपॉझिटरी लागतात, एक हायकूची आणि एक बिल्डटूल्सची, शेजारीशेजारी ठेवा. आधी कॉन्फिगर चालवून ६४-बिटचा क्रॉस-कंपायलर बनवायचा (चहा करून या, वेळ लागतो), मग जॅम नावाच्या टूलने इमेज. मेक नाही, जॅम. त्याचं व्याकरण विचित्र आहे, विशेषतः सेमीकोलनच्या आधी स्पेस लागतेच, नाहीतर येणारी एरर वाचून काहीही बोध होत नाही. ३२-बिट इमेजच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका, त्यात बीओएसची जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून जीसीसी २.९५ पण सांभाळलाय, म्हणजे आजोबांच्या काळातला कंपायलर.

चालवायला क्यूईमू, म्हणजे तुमच्या मशीनच्या आत नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम. त्याचं साधं स्टँडर्ड व्हीजीए कार्ड निवडा, सिरियल पोर्ट टर्मिनलवर वळवा आणि केव्हीएम चालू ठेवा (त्याने क्यूईमू वेगात चालतं). सिरियल का, तर ड्रायव्हर फसला की पहिली जाते ती स्क्रीन, आणि स्क्रीनच गेल्यावर एरर बघणार कुठे? हायकूत एसएसएच सर्व्हर येतो, त्याचा पासवर्ड आत्ताच सेट करून बाहेरून लॉगिन होतंय हे बघून घ्या. स्क्रीन काळी पडली तरी मशीन बऱ्याचदा जिवंत असतं, फक्त दिसत नसतं.

आता मोजपट्टी

एक छोटा सी++ प्रोग्रॅम लिहा. वेळ मोजायला सिस्टीम-टाइम हे फंक्शन आहे, मायक्रोसेकंदात उत्तर देतं. स्क्रीनच्या मेमरीला थेट हात लावायला बीडायरेक्टविंडो नावाचा क्लास आहे, बीओएसच्या काळापासूनचा. तो तुम्हाला फ्रेमबफरचा (म्हणजे याच स्क्रीनच्या मेमरीचा) पत्ता, एका ओळीचे बाइट आणि विंडोचा दिसणारा भाग देतो. विंडो हलली किंवा झाकली गेली की तो तुम्हाला 'थांब' म्हणतो, तेव्हा खरंच थांबायचं, नाहीतर दुसऱ्याच्या विंडोवर रंग फासाल.

मी पाच गोष्टी मोजतो. फ्रेमबफरमध्ये सरळ लिहिणं, रॅममधून फ्रेमबफरमध्ये कॉपी, फ्रेमबफर वाचणं, बारक्या चौकोनांची कॉपी (१६ बाय १६, ६४ बाय ६४), आणि शेवटी खऱ्या अॅपसारखं, म्हणजे बीव्ह्यूवर (विंडोत चित्र काढायचा हायकूचा क्लास) नेहमीच्या फंक्शनने चौकोन आणि अक्षरं काढणं. पहिल्या चारांत ड्रायव्हर दिसतो, पाचव्यात अख्खी सिस्टीम. दोन्ही लागतात. नुसता पाचवा आकडा घेऊन बसलात तर दोष कुठे आहे ते कळत नाही, आणि नुसते पहिले चार घेतलेत तर माझ्यासारखे दोन वीकेंड जातात.

पाचव्यात एक सापळा आहे. बीव्ह्यूला 'चौकोन भर' म्हटलं की तो लगेच भरला जात नाही, ती आज्ञा एका बफरमध्ये जमा होते आणि नंतर गठ्ठ्याने अॅप सर्व्हरकडे जाते. त्यामुळे हजार चौकोनांचा लूप संपल्यावर लगेच घड्याळ बघितलंत तर तुम्ही फक्त रांगेत चिठ्ठ्या टाकायचा वेळ मोजलात. आकडा असा भारी येतो की माणूस खूश होऊन स्क्रीनशॉट काढतो. फ्लश बोलावूनही भागत नाही, त्याने चिठ्ठ्या नुसत्या पाठवल्या जातात. सिंक बोलवायचं, ते काम उरकेपर्यंत थांबतं, आणि त्याच्यानंतर घड्याळ बघायचं.

वाचण्याच्या टेस्टमध्ये दुसरा सापळा. वाचलेल्या किमतीचं तुम्ही काहीच केलं नाहीत तर कंपायलर म्हणतो हे निरुपयोगी आहे आणि अख्खा लूपच उडवतो. म्हणून सगळ्याची बेरीज करून शेवटी प्रिंट करा. आणि १६ बाय १६ चा एक चौकोन एका मायक्रोसेकंदाच्या आतही उरकू शकतो, म्हणून एकेकटा मोजू नका, हजाराचा लूप करून भागा.

आता आकडे येतील ते चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचं? साधं गणित करा. १९२० बाय १०८० ची स्क्रीन, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम ८२,९४,४०० बाइट, साधारण ८.३ एमबी. सेकंदाला ६० वेळा पूर्ण स्क्रीन बदलायची तर साधारण ४९८ एमबी प्रति सेकंद. कॉपीचा आकडा याच्या खाली असेल तर फुल स्क्रीन व्हिडिओ ६० फ्रेमने चालणार नाही, मग प्लेअर कितीही चांगला असो. जुनं पीसीआय कार्ड असेल तर ३२-बिट ३३ मेगाहर्ट्झच्या बसची थिअरीतली कमालच १३३ एमबी आहे, म्हणजे १६ फ्रेम, तिथे ड्रायव्हर घासूनपुसून काही होणार नाही, रिझोल्यूशन कमी करा.

सरासरी घेऊ नका. प्रत्येक टेस्ट बऱ्याच वेळा चालवा, पहिल्या काही फेऱ्या फेकून द्या, मग मधला आकडा आणि सगळ्यात वाईट आकडे असे दोन्ही लिहा. माणसाला सरासरी दिसत नाही, अडखळणं दिसतं. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू दे. आणि फाइलमध्ये प्रत्येक ओळीला हायकूचा रिव्हिजन नंबर, ड्रायव्हरचं नाव, रिझोल्यूशन आणि सीपीयू लिहून ठेवा, तीन महिन्यांनी 'हे कुठल्या बिल्डचं होतं बरं' असं होतंच.

ड्रायव्हरचे दोन तुकडे

हायकूत ग्राफिक्स ड्रायव्हर दोन भागांत असतो आणि हे डिझाइन बीओएसपासूनचं आहे. एक कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला ड्रायव्हर, छोटासा, तो पीसीआयवर कार्ड शोधतो, त्याची मेमरी मॅप करतो, इंटरप्ट सांभाळतो आणि डेव्ह-ग्राफिक्स फोल्डरमध्ये एक डिव्हाइस टाकतो. दुसरा अॅक्सेलरंट, ही अॅप सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये लोड होणारी लायब्ररी, मोड बदलण्याची खरी अक्कल हिच्यात. मला हे डिझाइन आवडतं, कारण बहुतेक चुका अॅक्सेलरंटमध्ये होतात, आणि तिथे चूक झाली तर अॅप सर्व्हर पडतो, कर्नल वाचतो.

दोघांची गाठ कशी पडते? अॅप सर्व्हर डिव्हाइस उघडतो आणि त्याला विचारतो की तुझ्या अॅक्सेलरंटचं नाव काय. ड्रायव्हर एक नाव सांगतो आणि अॅप सर्व्हर अॅक्सेलरंटच्या फोल्डरात नेमकी त्या नावाची फाइल शोधतो. एका अक्षराचा फरक पडला तर तो निमूटपणे व्हेसा किंवा फ्रेमबफर या साध्या, कुठल्याही कार्डावर भागवणाऱ्या ड्रायव्हरवर जातो. स्क्रीन व्यवस्थित दिसते आणि तुम्हाला वाटतं आपलाच ड्रायव्हर चालतोय! यात मी एक पूर्ण संध्याकाळ घालवलीय, दुसऱ्याच ड्रायव्हरचे आकडे मोजत. म्हणून बेंचमार्क टूलने सुरुवातीला कुठला अॅक्सेलरंट चालू आहे ते विचारून छापलंच पाहिजे.

कोरी फाइल उघडून बसू नका. हायकूच्या सोर्समध्ये फ्रेमबफर आणि व्हेसा हे दोन छोटे ड्रायव्हर आहेत, त्यातला एक कॉपी करून नावं बदला. इंटेल एक्स्ट्रीम आणि रेडिऑन एचडी नंतर वाचा, रेडिऑनवाल्यात तर कार्डाच्या रॉममधला अॅटमबायोसचा कोड चालवणारा इंटरप्रिटरच आहे, पहिल्या दिवशी बघितलात तर पळून जाल.

कर्नल भागात तीन गोष्टी नीट करा. दोन्ही भागांना लागणारी माहिती (पत्ते, मेमरी किती, चालू मोड) एका शेअर्ड एरियात (दोघांना दिसणारा मेमरीचा तुकडा) ठेवायची आणि अॅक्सेलरंट तो क्लोन करतो, म्हणजे तीच मेमरी स्वतःकडे जोडून घेतो, तर एरिया बनवताना क्लोन करू देणारा फ्लॅग लावा, नाहीतर परवानगी नाही म्हणून परत येईल. फ्रेमबफर मॅप करताना राइट-कंबाइनिंग मागा. याचा अर्थ असा की सीपीयू लिहिलेलं ६४ बाइटच्या तुकड्यात गोळा करून एकदम पाठवतो, एकेक शब्द पाठवत बसत नाही, खऱ्या हार्डवेअरवर या एका फ्लॅगने कॉपीचा आकडा कित्येक पट बदलतो. आणि डिव्हाइस एकापेक्षा जास्त जणांना उघडता आलं पाहिजे, कारण अॅप सर्व्हरशिवाय तुमचं टेस्ट टूलही ते उघडणार आहे.

अॅक्सेलरंटमध्ये एकच मुख्य फंक्शन बाहेर दिसतं, त्याला अॅप सर्व्हर एकेक नंबर देऊन विचारतो की हे काम तुला येतं का, येत असेल तर फंक्शनचा पॉइंटर दे. न येणाऱ्याला शून्य द्यायचं, लाजायचं नाही. सुरुवातीला पुरेशी कामं म्हणजे चालू करणं, बंद करणं, मोडची यादी आणि मोजणी, मोड लावणं, चालू मोड सांगणं, आणि फ्रेमबफरचा पत्ता नि ओळीचे बाइट सांगणं. मोडची यादी हाताने लिहू नका, अॅक्सेलरंटच्या कॉमन लायब्ररीत ती बनवून देणारं फंक्शन तयार आहे.

कार्डाशी बोलणं

क्यूईमूचं स्टँडर्ड व्हीजीए शिकायला फार छान, कारण त्याचे मोडचे रजिस्टर, म्हणजे कार्डाला आज्ञा द्यायचे खण, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. पीसीआयवर त्याचा व्हेंडर १२३४ आणि डिव्हाइस ११११, दोन्ही हेक्समध्ये. पहिल्या बारमध्ये (कार्ड बाहेर दाखवतं तो पत्त्यांचा पट्टा) फ्रेमबफर. रजिस्टरकडे जायला दोन रस्ते, जुना म्हणजे आय-ओ पोर्ट ४६२ वर रजिस्टरचा नंबर आणि ४६३ वर किंमत, आणि नवा म्हणजे बार नंबर २ च्या मेमरीत १२८० बाइट पुढे गेलं की तेच रजिस्टर १६-बिट, ओळीने. नवा घ्या. आय-ओ पोर्टला अॅक्सेलरंटमधून हात लावता येत नाही, प्रत्येक वेळी कर्नलला साकडं घालावं लागतं, मेमरीवाले मात्र एरिया क्लोन करून थेट लिहिता येतात.

० नंबरचं रजिस्टर वाचलं की ओळख मिळते, ४५२४८ ते ४५२५३ च्या दरम्यान काहीतरी. ते आलं नाही तर पुढे जाऊच नका, मॅपिंग चुकलंय. १ म्हणजे रुंदी, २ उंची, ३ पिक्सेलचे बिट, ४ चालू-बंद. मोड लावायचा म्हणजे आधी ४ मध्ये ० लिहून बंद करा, मग १, २, ३ भरा, मग ४ मध्ये ६५ लिहा (१ म्हणजे चालू आणि ६४ म्हणजे सलग फ्रेमबफर). झालं, स्क्रीन आली. व्हर्च्युअल रुंदी म्हणजे ६ नंबर, आणि सरकवण्याचे ८ आणि ९, हे मात्र चालू केल्यानंतरच लिहा. चालू करताना क्यूईमू ते स्वतःच पुसून टाकतो, आधी लिहिलेलं पाण्यात.

१० नंबरला व्हिडिओ मेमरी मिळते, ६४ केबीच्या हिशोबात. नेहमीच्या १६ एमबीला तिथे २५६ दिसेल. मोड मान्य करायच्या आधी रुंदी गुणिले उंची गुणिले ४ हे तेवढ्यात बसतं का बघा. २५६० बाय १४४० बसतो, १४.७ एमबी, पण त्याचे दोन बफर नाही बसत. ४के तर ३३ एमबीच्या पुढे गेला, सरळ नाही म्हणा.

आता १३६६ बाय ७६८ ची गंमत. खूप लॅपटॉपची स्क्रीन हीच, म्हणून माणूस उत्साहाने तोच मोड लावतो आणि चित्र तिरकं येतं, प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते. कारण क्यूईमू रुंदी ८ च्या पटीत खाली ओढतो, १३६६ मागितलं तर गुपचूप १३६० देतो, एरर नाही काही नाही. तुम्ही अॅप सर्व्हरला ओळीचे बाइट सांगितले ५४६४ आणि खरे आहेत ५४४०, प्रत्येक ओळीला ६ पिक्सेलची चूक. धडा एवढाच की लिहिल्यावर रजिस्टर परत वाचा आणि जे वाचलं ते सांगा, जे मागितलं ते नाही. खऱ्या कार्डांवरही तिरकं चित्र म्हणजे दहातले नऊ वेळा ओळीच्या बाइटचाच घोळ, बऱ्याच कार्डांना ओळ ६४ बाइटच्या पटीत लागते, मग ५४६४ चे ५५०४ होतात. बेंचमार्क टूलमध्ये म्हणून मी एक कर्ण रेघ आणि चारी कडांना एक पिक्सेलची चौकट काढतो, वेग मोजायच्या आधी डोळ्यांनी बघायला.

बसवणं आणि फसल्यावर बाहेर येणं

हायकूचं सिस्टीम फोल्डर फक्त वाचायला असतं, पॅकेजमधून माउंट होतं, तुमच्या गोष्टी नॉन-पॅकेज्ड फोल्डरात जातात. कर्नल ड्रायव्हरची फाइल ड्रायव्हर्सच्या बिनमध्ये आणि तिच्याकडे बोट दाखवणारी सिमलिंक ड्रायव्हर्सच्याच डेव्ह-ग्राफिक्स फोल्डरात. ती सिमलिंक विसरलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही, हे सगळ्यांचं एकदा तरी होतं. अॅक्सेलरंटची फाइल अॅक्सेलरंट्स फोल्डरात. मग रिबूट.

स्क्रीन काळी? घाबरू नका. आधी एसएसएचने आत जाऊन सिसलॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, बघा. तेही नाही जमलं तर बूट होताना शिफ्ट दाबून धरा (यूईएफआयवर स्पेस), बूट मेनू येतो, त्यात सेफ मोडमध्ये 'युझर अॅड-ऑन्स बंद' असा पर्याय आहे, तो लावला की नॉन-पॅकेज्डमधला तुमचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि जुनी स्क्रीन परत येते. कर्नलच पडलं तर कर्नल डिबगर उघडतो, लोक त्याला केडीएल म्हणतात, तिथे बॅकट्रेस मागा आणि सिरियलवरून कॉपी करून ठेवा.

खरं हार्डवेअर

क्यूईमूत एक मोठी गोष्ट शिकायला मिळत नाही ती म्हणजे मॉनिटरचं टायमिंग. तिथे रुंदी-उंची दिली की झालं, खऱ्या कार्डाला पिक्सेल क्लॉक आणि ओळींचे सिंक नेमके द्यावे लागतात. मॉनिटर स्वतःची माहिती एडिडमध्ये देतो, १२८ बाइटचा ब्लॉक, सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने भागल्यावर बाकी शून्य आली पाहिजे. आधी ती बेरीज तपासा, हललेल्या केबलने खोटा डेटा सहज येतो. मॉनिटरच्या आवडीचा मोड ५४ व्या बाइटपासून. आणि तिथला पिक्सेल क्लॉक १० किलोहर्ट्झच्या हिशोबात असतो, हायकूला मात्र नुसत्या किलोहर्ट्झमध्ये लागतो. फुल एचडी ६० ला एडिडमध्ये १४८५० दिसतं, तुम्ही १,४८,५०० द्यायचं. पडताळा घ्यायला २२०० गुणिले ११२५ गुणिले ६०, बरोबर १४.८५ कोटी येतात (लपलेला भाग धरून ओळीत २२०० पिक्सेल आणि ११२५ ओळी).

आणि इथे आल्यावर मोजपट्टी पुन्हा चालवा, क्यूईमूचे आकडे फेकून द्या. तिथला फ्रेमबफर म्हणजे होस्टची साधी रॅमच, त्यामुळे राइट-कंबाइनिंग लावा न लावा, आकडा सहसा सारखाच येतो, आणि वाचणंही फास्ट वाटतं. खऱ्या कार्डावर फ्रेमबफरमधलं प्रत्येक वाचन बसवरून जाऊन परत येतं, साधारण एका मायक्रोसेकंदाच्या घरात. एका वेळी ४ बाइट वाचले तर सेकंदाला ४ एमबीच्या आसपास, म्हणजे फुल एचडीची एक फ्रेम वाचायला दोन सेकंद! अॅप सर्व्हर रॅममध्ये का रंगवतो याचं उत्तर हेच आहे. पारदर्शक कडा, गुळगुळीत अक्षरं, या सगळ्याला खालचा रंग आधी वाचावा लागतो, तो रॅममधून वाचलेलाच परवडतो.

म्हणून वेळ घालवायचा तर माझ्या मते या क्रमाने घालवा. आधी राइट-कंबाइनिंग खरंच लागलंय का (लिहिण्याचा आणि कॉपीचा आकडा एकदम कमी असेल तर नाही लागलेलं), मग मॉनिटरचा खरा मोड, मग रिट्रेसचा इंटरप्ट (स्क्रीनची एक फ्रेम दाखवून झाल्याची कार्डाची सूचना), त्याने चित्र फाटल्यासारखं दिसणं थांबवता येतं, आणि चौकोन भरण्याचं अॅक्सेलरेशन सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. थ्रीडी हा वेगळा डोंगर आहे, हायकूत मेसा ही थ्रीडीची लायब्ररी सहसा सीपीयूवरच चित्र काढते, त्यामुळे जीएलटीपॉट या डेमोतली फिरणारी किटली जे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दाखवते त्यात तुमच्या ड्रायव्हरचा वाटा फक्त शेवटच्या कॉपीपुरता. ते एफपीएस ड्रायव्हरची कामगिरी म्हणून कुणाला दाखवू नका.

पॅच द्यायचा झाला की तो हायकूच्या गेरिटवर, म्हणजे कोड तपासायच्या साइटवर, जातो. कमिट मेसेजमध्ये आधीचा आणि नंतरचा मधला आकडा, कार्डाचा पीसीआय आयडी आणि रिव्हिजन लिहा, कारण समोरच्याकडे ते कार्ड असण्याची शक्यता जवळजवळ शून्य, त्याला पॅच तपासायला तेवढंच मिळणार. माझ्या त्या चौकोनवाल्या कोडचा पॅच मी पाठवलाच नाही, ती ब्रँच अजून डिस्कवर पडून आहे.